काळ्या घंटेचं शेवटचं पान

प्रिय इरा आणि अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर अर्णव म्हणाला, की त्याच्या शाळेत एक नवा खेळ सुरू झाला आहे. एक जण पुस्तक घेऊन बसतो, बाकीचे कोणी तलवारवाले, कोणी जादूगार, कोणी चोर होतात, आणि सगळे मिळून भुयारात शिरतात. मग तो म्हणाला, "आजी, ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे. तुला नाही कळणार."

तुमची जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. अर्णव, या खेळात मी चार वेळा मेले आहे. एकदा विषाने, एकदा छत कोसळून आणि दोनदा आमच्या बिल्डिंगमधल्या शाहभाईंमुळे. पण खेळ चालवून ज्या गृहस्थांनी मला इतक्या वेळा मारलं ते वेगळे, त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागच्या वेळी आलात तेव्हा जिन्यात भिंतीला हात लावून लावून चढणारे एक उंच आजोबा भेटले होते. ते हे.

"विचार पक्का?"

हे त्यांचं वाक्य. आधी चष्मा कपाळावर सरकवायचा, दोन्ही तळवे मांड्यांवर पालथे ठेवायचे, आणि अगदी हळू, जणू आपल्या भल्याचंच विचारताहेत अशा आवाजात म्हणायचं, "विचार पक्का?" सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, आवारात नव्या फरश्या बसवू या. मागच्या खुर्चीवरून प्रश्न आला, "विचार पक्का?" फरश्या आजतागायत बसलेल्या नाहीत. शाहभाईंनी पुतण्याच्या होणाऱ्या बायकोचा फोटो कौतुकाने दाखवला, तेव्हाही या गृहस्थांच्या तोंडून सवयीने तेच गेलं. शाहभाई आठवडाभर बोलत नव्हते.

ते सरकारी खात्यात लिफ्टांचे तपासनीस होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं: माणूस कुठून कसा पडेल याचा विचार. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना लिफ्टसाहेब म्हणत. स्वतः मात्र ते तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जात. "मला आत काय काय असतं ते माहीत आहे," असं म्हणत.

ते एकदाच लिफ्टमध्ये चढले. गुडघा दुखत होता म्हणून. त्या दिवशी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आत ते, मी, समोरच्या ब्लॉकमधल्या शीलाताई आणि तळमजल्यावरचे शाहभाई. शाहभाईंचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, ते मुलावर सोपवून नुकते घरी बसले होते. दोन मिनिटांत त्यांना घाम फुटला.

"साहेब, ही पडणार का?"

"लिफ्ट पडत नाही, शाहभाई. माणसं घाबरून दार उघडतात, उडी मारतात, आणि माणसं पडतात."

याने शाहभाईंना बरं वाटण्याऐवजी ते खालीच बसले. लिफ्टसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "समजा, ही लिफ्ट नाही. ही विहीर आहे. तिला तळ नाही. आपण चौघं दोराने खाली उतरतोय. तुमच्या हातात मशाल आहे. काठावर कोणाचे तरी बूट पडलेत. काय करता?"

शाहभाईंनी घाम पुसला. "बूट कसे आहेत? चांगले आहेत?"

मेकॅनिक आला तेव्हा आम्ही विहिरीत बरेच खाली गेलो होतो, आणि शीलाताई त्याला म्हणाल्या, "अरे, पाच मिनिटं थांब ना!"

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी जमलो. खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. चालवणारा पुस्तिकेतून जागा सांगतो, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं हे आकडा ठरवतो. आमच्याकडे वीस बाजूंचे फासे नव्हते. साहेबांनी हौजीचे एक ते वीस लाकडी आकडे एका कापडी पिशवीत भरले होते. पुढे त्यांच्या मुलीने खरे फासे पाठवले, निळे, चमकणारे. ते त्यांनी फळीवर शोभेला ठेवले. "फासा टेबलाच्या उताराने जातो. पिशवीला उतार नाही," हे त्यांचं तांत्रिक मत.

शाहभाई चोर झाले, कारण दुकानदारीत त्यांनी सगळ्या प्रकारचे पाहिले होते. शीलाताई पुजारीण. मी मंत्रविद्या जाणणारी बाई. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर ते ओघानेच आलं.

साहेबांकडे पुस्तिका पुष्कळ होत्या, पण त्यांचा जीव एकाच साहसावर होता. काळ्या घंटेचं देऊळ. त्याच्या तीन आवृत्त्या त्यांच्याकडे होत्या. सर्वांत जुनी पिवळट, दोन पिनांची, टंकयंत्रावर बडवून छापल्यासारखी. त्यांचा मामेभाऊ जहाजावर होता, त्याने ती कुठल्याशा बंदरातून आणली होती. दुसरी फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतली, मुखपृष्ठावर रंगीत राक्षस. तिसरी मुलीने वाढदिवसाला दिलेली, पुठ्ठा बांधणीची, गुळगुळीत, मांडीवर घेतली तर पाय बधिर होईल अशी.

मला अर्थातच तिसरी आवडली. व्याकरण स्वच्छ, मुद्दे क्रमाने, मागे सूची. जुनीचं इंग्रजी पाहून माझा हात लाल पेनाकडे जात होता. मी तसं म्हटलं.

"बाई, बसा," ते म्हणाले. त्यांनी तिन्ही आवृत्त्या माझ्यापुढे उघडून ठेवल्या. "विहिरीची खोली वाचा. तिन्हींत."

जुन्या आवृत्तीत एवढंच होतं: इथे एक विहीर आहे. तिला तळ नाही. दुसरीत ती विहीर कोणत्या राजाने खोदली ते होतं. तिसरीत राजाची वंशावळ, दोराची लांबी, आणि एखादा खेळाडू पडलाच तर त्याला कसं अलगद वर आणावं याची चौकट.

"आता डोळे मिटा," ते म्हणाले. "कुठली विहीर दिसते?"

मला पहिलीच दिसली. आमच्या आजोळी होती तशी, शेवाळलेली, आत पारवे घुमणारी. मी न सांगताच त्यांना कळलं.

"पहिल्याने जागा सोडली आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याने ती भरली. तिसऱ्याने तिथे कठडा बांधला. नवीन आवृत्तीत कोणी मरतच नाही, बाई. मग जगायचं कशाला?"

त्यांनी या तिन्ही आवृत्त्यांची शेवटची पानं बंद करून टाकली होती. पानांना भोक पाडून त्यातून बारीक तार ओवलेली, आणि तारेवर लिफ्टच्या यंत्राला लावतात तसलं शिशाचं सील. शेवटच्या खोलीत काय आहे ते त्यांनी कधीच वाचलं नव्हतं. चालवणाऱ्याने सगळं आधी वाचून घ्यावं, अशी सूचना पहिल्याच पानावर ठळक छापलेली होती. जन्मभर नियमाने चाललेल्या माणसाने मोडलेला हा एवढा एकच नियम.

"कोणी तिथपर्यंत पोचलं की वाचायचं," ते म्हणत. "आधी वाचून काय उपयोग?"

वांद्र्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हे साहस चालवायला सुरुवात केली होती, तेव्हा ते तरुण होते. किती गट आले. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न झालं, आणि जे राहिले ते सगळे पुतळ्यांच्या दालनात मेले. शेवटच्या खोलीत एकही माणूस पोचला नव्हता.

आम्ही तर सुरुवातीला पुतळ्यांपर्यंतही गेलो नाही. पहिल्याच शनिवारी आम्ही देवळाच्या ओसरीवर पोचलो.

"दगडी कुंड आहे. स्वच्छ पाणी. शेजारी तांब्याची पळी."

"मी तीर्थ घेते," मी म्हणाले.

चष्मा वर गेला. "विचार पक्का?"

"तीर्थाला नाही कसं म्हणायचं?"

"मलाही द्या हो," शीलाताई म्हणाल्या.

"मला पण," शाहभाई म्हणाले. "आणि प्रसाद काय आहे बघा ने."

पिशवीतून तीन आकडे निघाले. साहेब खूश झाले की त्यांची मालवणी वर येत असे. "गेलात गो बायांनो! शाहभाई, तुम्ही पण गेलात!"

"प्रसादाच्या आधीच?"

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. मी ठराव मांडला, की भुयारात शिरल्यावर आपण मराठी माणसं आहोत हे साफ विसरायचं. शीलाताईंनी अनुमोदन दिलं. शाहभाई म्हणाले, "मला सोपं आहे." आम्ही परदेशी शिपायांसारखा विचार करू लागलो. कुंडाला वळसा घातला. छत कोसळून मेलो, पुन्हा नवी पात्रं घेतली, आणि अखेर पुतळ्यांच्या दालनाशी पोचलो. तिथे आत पाऊल टाकलं की पुतळे उठत आणि आम्हाला चिरडत. असं दोनदा झालं. शाहभाई दोन्ही वेळा सर्वांत पुढे होते, विहिरीच्या काठावरचे ते जादूचे बूट घालून. ते बूट त्यांना इतके आवडले होते की दर नव्या जन्मात ते आधी तिकडे जात.

"साहेब, आकडा तरी काढा," शीलाताई म्हणत.

"इथे आकडा नाही. पुतळे उठतात. संपलं."

एका शनिवारी आम्ही गेलो तेव्हा साहेब भुयाराचा नकाशा काढत होते आणि रेघ कागदाबाहेर चटईवर गेली होती. त्यांना ते दिसलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार. घाटकोपरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल.

"म्हणजे अक्षरं जाणार," ते म्हणाले. पुतळ्यांच्या खोलीसकट आधीचं सगळं त्यांना पाठ होतं, ते अडणार नव्हतं. "फक्त शेवटचं पान राहिलंय. वाचता येतंय तोवर कोणीतरी पोचायला हवं."

"मी वाचेन की," मी म्हणाले.

"नाही बाई. चालवणाऱ्याने वाचायचं असतं."

शीलाताईंना राहवलं नाही. "मग सोडा ना आम्हाला एकदा. एवढं काय त्या पुतळ्यांचं? एक पान तर राहिलंय, आजच वाचून मोकळे व्हा."

"मग पोचलात असं कसं म्हणणार?" ते म्हणाले. रागावले नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्यानंतर आम्ही तिघं फार गंभीरपणे खेळू लागलो. शाहभाई घरून दोरांच्या गाठी शिकून आले. मी खोल्यांचे क्रमांक घालून तक्ता केला. पुतळ्यांवर आम्ही वरून, भिंतीवरून, पाठमोरे, सगळ्या बाजूंनी गेलो आणि दर वेळी जेमतेम जीव घेऊन माघारी पळालो. दर शनिवारी साहेबांचं भिंग थोडं मोठं होत गेलं.

आणि मग एका दुपारी शीलाताई मटार सोलायला घेऊन आल्या. त्यांच्याकडे संध्याकाळी पाहुणे यायचे होते, लक्ष खेळात नव्हतं. साहेब म्हणाले, "देवळाचं मोठं दार उघडं आहे. आत पुतळे." आणि शीलाताई शेंगेतून मान न काढता म्हणाल्या, "चला तर. चपला काढा."

चष्मा कपाळावर गेला. तळवे मांड्यांवर पालथे झाले.

"विचार पक्का?"

आम्ही गारठलो. शाहभाई कुजबुजले, "शीलाबेन, शब्द परत घ्या."

"का परत घेऊ? देवळात बूट घालून जाणार का? राक्षसाचं झालं म्हणून काय, देऊळ ते देऊळ."

"आपला ठराव झाला होता," मी म्हणाले.

"ठराव गेला खड्ड्यात. मला नाही जमत. माझी पुजारीण अनवाणी जाणार. तुम्ही बाहेर बसा हवं तर."

आता तुम्हीच सांगा, मैत्रीण अनवाणी आत निघाली असताना मी वहाणा घालून कशी जाणार? मीही काढल्या. राहिले शाहभाई.

"माझे बूट चोरीला गेले तर?"

"चोर तर तुम्हीच आहात!"

"म्हणून तर मला माहीत आहे ना, बाई!"

शेवटी त्यांनी युक्ती केली. एक बूट खांबाच्या मागे ठेवला आणि दुसरा पार विहिरीजवळ जाऊन. आपण देवळाबाहेर चपला वेगवेगळ्या ठेवतो, तसं. म्हणजे जोडी कोणाला सापडत नाही. साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. नुसते आमच्या दिशेने, म्हणजे आमच्या जरा डावीकडे, बघत राहिले.

"आत येता?"

"येतो."

"पुतळे उठत नाहीत."

मग त्यांनी मांडीवर एक थाप मारली. "इतक्या वर्सांत एकानय चपला काढूक नाय! एकानय!"

जुन्या आवृत्तीत त्या खोलीबद्दल एकच वाक्य होतं: बूट घालून आत येणाऱ्यावर हे पुतळे उठतात. बस. दुसरीत दाराशी एक कोडं कोरलेलं होतं, ते सुटलं की कळावं. तिसरीत पुतळ्यांशी बोलून त्यांची समजूत घालता येत होती. साहेबांनी आम्हाला जुनी चालवली होती आणि तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या दारात आमच्या तिघांच्या चपला ओळीने काढलेल्या असायच्या. त्या पाहताना त्यांना दर शनिवारी काय वाटत असेल!

शीलाताईंनी घरून अडकित्ता आणला. साहेबांनी स्वतःच्या हाताने तार तोडली. शिशाचा गोळा मटारांत पडला. त्यांनी पान उघडलं, भिंग धरलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मान तिरपी केली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. पान खिडकीकडे वळवलं. आम्ही तिघंही दुसरीकडे पाहत होतो. शाहभाई तर छताकडे.

बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पुस्तिका माझ्यासमोर धरली.

"बाई," ते म्हणाले, "वाचा."

मी उभी राहून वाचलं. वर्गात उभी राहत असे, तशीच उठले. आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. ते डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी खोली वाचून दाखवत होतं.

"येथे काळी घंटा टांगलेली आहे. तिच्या आतला लोलक नाही. लोलकाचा शोध पुढील पुस्तिकेत."

"पुढची पुस्तिका काढा," शाहभाई म्हणाले.

"निघालीच नाही," साहेब म्हणाले. "कंपनी बुडाली."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचं धाडस केलं. ते हसत होते. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग ठसका लागेपर्यंत. शीलाताई पाणी आणायला धावल्या. "पुढील पुस्तिकेत!" ते म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

शाहभाईंनी तोवर नव्या आवृत्तीचं सीलही तोडलं होतं. "बाई, इथे काय लिहिलंय बघा. इथे घंटेला लोलक आहे. वाजवली की सगळे राक्षस मरतात आणि राजा येऊन सत्कार करतो."

"मग ती आपली घंटा नव्हे," साहेब डोळे पुसत म्हणाले.

शीलाताईंनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि समोर बसल्या. "आमचा लोलक कुठे आहे मग?"

"मला काय माहीत? लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणूनच तुम्हाला विचारतेय. तुम्हीच बाईंना सांगितलंत ना, यांनी जागा सोडली आहे म्हणून? ही एवढी मोठी सोडली आहे. आता काय करता?"

इतक्या वर्षांत त्या माणसाने पुस्तिकेत पदरचा एक शब्द घातला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीने राजा घातला म्हणून ते त्या अनोळखी लेखकावर वर्षानुवर्षं चिडून होते. पेला हातात धरून ते किती तरी वेळ बसून राहिले. पाहुण्यांची वेळ होत आली होती, पण शीलाताई हलल्या नाहीत.

"घंटेच्या मागे," ते म्हणाले, आणि थांबले. घसा साफ केला. "घंटेच्या मागे एक फट आहे. आत पोलादी दोर खाली गेलेले दिसतात. खालून काहीतरी हळूहळू वर येतंय."

तिथून पुढे पुस्तिका लागली नाही, आणि डोळ्यांचीही गरज पडली नाही. कितीतरी शनिवार ते नुसते बोलत राहिले. त्यांच्या भुयारात चाकं होती, वजनं होती, एकमेकांना तोलून धरणाऱ्या खोल्या होत्या. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात तसली जागा नव्हती. सोपं त्यांनी काहीच केलं नाही. शाहभाई त्यात आणखी दोनदा मेले. एकदा शीलाताईंनी गयावया केली तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, आकडा बघा ना तुम्हीच, मला कुठे दिसतोय?" आकडा तीन होता. शीलाताईंनी खरा सांगितला.

लोलक आम्हाला सापडला. त्या दिवशी आम्ही तिघं घंटेखाली उभे राहिलो, तो जागेवर लावला आणि वाजवली. साहेबांनी घंटेचा आवाज काढला नाही. पुरे होईल इतका वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ऐकलात?" आम्ही ऐकला होता.

गेल्या थंडीत ते गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या सकाळी झोपेतून उठले नाहीत. मुलगी पुण्याहून आली. घर आवरताना तिने तिन्ही आवृत्त्या माझ्या हातात ठेवल्या. पिवळी माझ्या कपाटात आहे, इस्त्रीच्या साड्यांखाली, म्हणजे पानं मुडपणार नाहीत. तुम्ही याल तेव्हा ती पाहा. पेनसुद्धा लावलेलं नाही.

लोलकाची गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नाही. माझ्या आठवणीप्रमाणे तो सर्वांत खालच्या खोलीत, एका मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकून पडला होता. शीलाताई म्हणतात, चाक वगैरे काही नव्हतं, एका म्हाताऱ्या राक्षसिणीने तो पाटा-वरवंट्यातला वरवंटा म्हणून वापरायला घेतला होता. शाहभाई दोघींनाही खोट्यात काढतात. त्यांच्या मते तो त्यांनी एका व्यापाऱ्याशी घासाघीस करून मिळवला, आणि आम्ही तेव्हा दुसऱ्याच खोलीत होतो. शनिवारी यावरून भांडण होतं. मग कोणीतरी चहा टाकतं.

आम्ही तिघं अजून आहोत, आणि तिन्ही आवृत्त्या आहेत.

तुमची,
आजी